मोकळ्या कॅरियरचा दिवस

भाऊजी,

तुमचे दिवस झाले आणि आलेली माणसं आपापल्या गावी गेली. जाताना जो तो एकच बोलून गेला. "सुटला बिचारा. डोळे पुरते जायच्या आधी गेला, बरं झालं." तुमच्या पेणच्या आत्या बोलल्या, बेकरीवाले शेठ बोलले, आणि तुमचे दादा समोर बसून नुसती मान हलवत राहिले. मी चहाचे कप गोळा करत होते. असं बोलू नका, एवढं तरी सांगावंसं वाटलं. पण भरल्या घरात, फोटोला हार घातलेला असताना, कोणाशी वाद घालणार?

म्हणून आता तुमच्याशीच बोलते. दुपार आहे, हे, म्हणजे तुमचे दादा, शिफ्टला गेलेत, घरात मी एकटी आहे. खरं सांगायचं तर मला या घराची भीती वाटायला लागलीय. त्या दिवशी तुम्ही ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होतात, मी आत भात लावत होते, आणि शेंगा मोडायचा आवाज थांबला. मी हाक मारली. पुन्हा मारली. आणखी एकदा मारायची माझी हिंमत होईना. आता घरातला कुठलाही आवाज मध्येच थांबला, पंखा, नळ, शेजारचा टीव्ही, की माझे हात गार पडतात.

लोकांचा तो शब्दही मला असाच गार करून जातो. सुटलात म्हणजे कशातून? पुढे जे येणार होतं ते जगण्यासारखं नव्हतंच, असं सगळ्यांनी धरून टाकलंय. तुम्ही तसं धरलं नव्हतंत. हे मला ठाऊक आहे, कारण पौषातल्या त्या दिवशी पुलावर तुमच्याबरोबर मीच होते.

मी लग्न होऊन रोह्याहून कासूला आले तेव्हापासून तुमची सायकल मी कधी रिकामी बघितली नाही. पहाटे बेकरीतून पावाच्या गरम लाद्या उचलायच्या, कॅरियरवरच्या निळ्या टपात भरायच्या, वरून प्लास्टिक आणि गोणपाट, आणि हॉर्न वाजवत खाडीच्या बाजूच्या वाड्या करायच्या. खाडीकाठचा सगळा खारेपाट तुम्हाला सदा पाववाला म्हणून ओळखायचा. जाताना पाव, खारी, बटर. येताना कोणाचं दळण, कोणाच्या म्हातारीच्या गोळ्या, मिठागरावरच्या कोणीतरी दादांसाठी दिलेली सुकी मासळी. तीसेक वर्षं तुम्ही सायकल चालवलीत, पण तुमची म्हणून एकही फेरी मारली नाहीत.

डोळ्यांचं आधी कोणालाच कळलं नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही म्हणायचात, लोकांनी हल्ली फाटकं पुढे आणून बसवलीत. म्हशी कुठूनही उगवतात. मग एकदा भर पावसात तुम्ही टपासकट भाताच्या खाचरात गेलात. पाव पाण्यावर तरंगत होते आणि तुम्ही गुडघाभर चिखलात उभे राहून सांगत होतात की इथे रस्ता होता. त्यानंतर दादा तुम्हाला पनवेलला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डाव्याने नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतंय. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून टिकेल तेवढं टिकवायचं.

त्याच संध्याकाळी दादांनी सायकल गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधली आणि किल्ली स्वतःच्या कंपनीच्या बॅगेत टाकली. त्या वेळचं तुम्हा दोघा भावांचं बोलणं मला अजून पाठ आहे.

"दादा, कुलूप काढ."

"कशाला?"

"पुसायची हाय."

"मग पुस ना. पुसायला कुलूप कुठं आड येतंय?"

तुम्ही फडका घेऊन गेलात आणि खरंच पुसलीत. रोज पुसायला लागलात. मी अंगणवाडीच्या कामावरून येऊन माझी सायकल लावायची, तेव्हा तुम्ही तिचाही आवाज ऐकायचात. "मागच्या चाकात वंगण घाल गो वहिनी," म्हणायचात. बस्स, एवढंच. आपल्या घरात डोळ्यांविषयी कोणी बोलायचं नाही. दादांना भीती वाटायची म्हणून ते ओरडायचे. तुम्हाला वाटायची म्हणून तुम्ही गप्प राहायचात.

पौषात एका दुपारी तुम्ही विहिरीजवळ आलात, मी भांडी घासत होते.

"वहिनी, मना डोंगरात जायचा हाय. सायकलवर."

"कुठल्या डोंगरात?"

"तुझ्या माहेराच्या पल्याड. कोलाडवरून आत, नदीच्या कडेकडेने. तूच सांगतेस ना, तिथं तिन्ही बाजूंना डोंगर हायत म्हणून. आपल्याकडं डोंगर नुसता लांबून बघायचा. जवळ कधी गेलोच नाय."

"एसटीने जाऊ या. मी येते."

"एसटीला खिडकी एक. तिच्यातून परत माझी ही नळी. काय दिसनार? आन पाव न घेता सायकल कशी चालते ते बघायचा हाय. एक दिवस. कुठं पोचायची घाई नाय, हॉर्न नाय, कॅरियर मोकळा."

मी लगेच हो म्हटलं नाही. राखेचा हात तसाच धरून मी बसून राहिले. तुम्ही उत्तराची वाट न बघता आत गेलात, जाताना बादलीला अडखळलात, आणि त्या अडखळण्यानेच मी ठरवलं. आज ना उद्या ती नळीही बंद होणार होती.

जेवताना मी यांना सांगितलं. यांनी घास ताटात ठेवला.

"तू त्याला मारणार," हे म्हणाले.

तुम्ही पाण्याचा तांब्या तोंडाला लावलात आणि लावूनच ठेवलात. मी म्हटलं, मी पुढे राहीन, हळू जाऊ, गर्दीचा वार सोडून जाऊ. हे हात धुऊन झोपायला गेले. आणि ठरलेल्या दिवशी मी पहाटे उठून गोठ्यात गेले तर साखळी सोडलेली होती. दोन्ही चाकांत हवा भरलेली, ब्रेकचे रबर नवे घातलेले. हे पहिल्या शिफ्टच्या बसने धाटावला निघूनही गेले होते. तुम्ही त्या ब्रेकवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिलात.

शेजारचा नरेश हमरापूरहून माघी गणपतीच्या मूर्ती माणगावला पोचवत होता. त्याच्या टेम्पोत, पेंढ्यात गुंडाळलेल्या गणपतींच्या पायाशी, आपण दोन सायकली आडव्या घातल्या. त्याने आपल्याला कोलाडला उतरवलं, संध्याकाळी इथेच थांबा म्हणाला आणि गेला. मी लालभडक स्वेटर घातला होता, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून. "मी तेवढा लाल बघत येतो. तू पडलीस तर मी पन पडेन, एवढाच," असं म्हणून तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही.

हमरस्ता सोडून आत वळल्यावर तुम्ही आरामात चालवत होतात. भीती सगळी माझ्या वाट्याला आली होती, कारण मी पुढे होते आणि मला तुम्ही दिसत नव्हतात. मान वळवली की माझी सायकल वळते. तुमची सायकल वाकडी झाली तर मला कळणार कसं? मग माझ्या लक्षात आलं, तुमचं मागचं मडगार्ड खडखडतंय. ती खडखड माझ्या मागे आहे तोवर तुम्ही आहात. मी मागे बघणं सोडलं आणि कान लावून चालवायला लागले. मागून गाडी आली की तिच्या आवाजात खडखड बुडायची. गाडी पुढे जाऊन ती परत ऐकू येईपर्यंत मी श्वास धरून पायडल मारायची. एक दूधवाला तुमच्या उजव्या अंगाने एवढा जवळून गेला की त्याच्या किटल्या मला माझ्या कानाशी वाजल्यासारख्या वाटल्या. तुम्हाला तो दिसलाच नव्हता. पुढे थांबल्यावर तुम्ही विचारलंत, "आता दूध कोनाचा गेला? वास आला."

सुतारवाडीला आपण चहा घेतला. टपरीवरच्या बाईने तुमच्याकडे बघून मला विचारलं, "कुठवर जाताय गो?" मी म्हटलं, जमेल तिथवर. ती तुमच्या हातात ग्लास देत असताना तुमचा हात थोडा चुकला. ती समजली. तिने काही न बोलता तुमची बोटं ग्लासाभोवती नीट बसवली. तुम्ही मान खाली घातलीत. कोणाचं असं बघणं, समजणं, हळुवार होणं, हे तुम्हाला सगळ्यांत नको होतं.

तिथून निघाल्यावर तुम्ही बोलायला लागलात. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना कापलेली भातं, त्यांत वालाचे हिरवे पट्टे, पेंढ्याच्या उडव्या, आणि उजव्या हाताला झाडांआडून नदीचा आवाज. मी चालवता चालवता दोन्ही बाजूंचं ओरडून सांगायचे आणि तुम्ही मागून तुमच्या नळीत सापडलेलं सांगायचात. तारेवरचा खंड्या तुम्हीच आधी दाखवलात.

मग तुम्ही म्हणालात, "वहिनी, अंधाराची भीती नाय वाटत मना. पहाटे अंधारातच निघायचो ना मी."

"मग कसली वाटते?"

बराच वेळ नुसती खडखड ऐकू येत राहिली.

"मना ठेवतील याची. सकाळी उचलून ओटीवर ठेवतील. ऊन आला की आत ठेवतील. पाहुनं आलं की कोपऱ्यात ठेवतील. पापड वाळत घालतात ना, तसा. तू चांगली हायस, दादा चांगला हाय, तुम्ही सगळी प्रेमानेच ठेवाल. त्याचीच भीती वाटते."

माझ्या मनात आम्ही काय काय करू याची यादी तयारच होती, भाऊजी. ओटीला कठडा घालायचा, खाट खिडकीशी आणायची, विहिरीकडे जायला मनाई. ती सगळी यादी तुम्ही माझ्यासमोर पापडासारखी मोडून टाकलीत.

पुढे रस्ता नदी ओलांडतो. पूल बुटका, पाण्याच्या बराच जवळ. कठडे पावसात वाहून गेलेले, कडेला नुसते खुंट उरलेले. वरच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, तेव्हा नदी काठोकाठ भरून वाहते आणि खालच्या अंगाला शहरातली मुलं रबरी होड्यांतून ओरडत जातात. आपण पोचलो तेव्हा पाणी भरात होतं. हिरवंगार, फेसाळ, पुलाखालून घुसत जाणारं.

मी म्हटलं, उतरून चालत जाऊ. तुम्ही म्हणालात, सरळ तर हाय. मी वाद वाढवला नाही आणि पुढे निघाले.

पुलाच्या शेवटाशी पोचत होते आणि खडखड थांबली.

मी पाय टेकून वळून बघितलं. तुम्ही पुलाच्या मध्यावर होतात. सायकल डावीकडे सरकत सरकत कडेला गेली होती. डावा पाय तुम्ही टेकला होतात, आणि त्या पायाच्या पलीकडे वीतभर सिमेंट होतं, मग पाणी. मान खाली. दोन्ही हात हँडलवर आवळलेले. आणि त्याच वेळी आपण जात होतो त्या पुढच्या बाजूच्या वळणावरून, खडी भरलेला डंपर हॉर्न देत पुलाकडे येत होता.

मला हाक मारायची होती आणि मारता येत नव्हती. हाक मारली तर तुम्ही आवाजाकडे वळणार, सायकल वळणार, किंवा सवयीने डाव्या अंगाने उतरायला जाणार. जन्मभर तुम्ही डावीकडेच उतरलात, हॉर्न वाजवून, पाव द्यायला. डाव्या अंगाला आता काही नव्हतं.

मी माझी सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यापुढे दोन्ही हात वर करून उभी राहिले. डंपर कचकन थांबला. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी बोलायला बाहेर झुकला, माझ्या मागे त्याची नजर गेली, आणि त्याने इंजिनच बंद केलं. मी तुमच्याकडे चालत निघाले. मी स्वयंपाकघरातून बोलते तशा आवाजात बोलायचा प्रयत्न केला.

"भाऊजी, मी येतेय. पाय उचलू नका."

"वहिनी," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "मना नुसता पानी दिसतंय. पूल पळतोय."

"पूल जागेवर आहे. पाणी पळतंय."

"पूल पळतोय गो."

मी मागून कॅरियर धरलं. दोन्ही हातांनी. मोकळं होतं ना, धरायला जागा होती. "धरलंय मी," म्हटलं. "आता मान वर करा. खाली बघू नका." तुम्हाला मान वर करता येईना. तुमच्या नळीत पाणी भरून गेलं होतं. सायकलीची थरथर माझ्या हातांत येत होती, आणि खरं सांगू, ती तुमची होती की माझी ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही तोल घालवला असतात तर मी काही तुम्हाला पेलणार नव्हते. मी सोडणारही नव्हते. म्हणजे आपण दोघं गेलो असतो. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

ड्रायव्हर पायी आला. चाळिशीचा असेल, गळ्यात रुमाल. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं. तो वाकून, खुंटाला धरून, तुमच्या आणि पाण्याच्या मधल्या त्या वीतभर जागेत जाऊन उभा राहिला.

"काका, मी तुमच्या डाव्या अंगाला उभा हाय," तो म्हणाला. "पडायचं झालं तर माझ्यावर पडा. मला पवता येतं."

त्याचा खांदा तुमच्या दंडाला लागला तशी तुमची मान वर आली. मग आम्ही दोघांनी तुम्हाला सायकलीसकट उजवीकडे ओढून घेतलं आणि पुलाच्या पार नेलं. तो माझी आडवी सायकल उचलून कडेला लावून आला. मी त्याला काय म्हणाले आठवत नाही. तो म्हणाला, "पाणी दुपारी उतरतं मावशी. परत जाताना उशिरानं जा." आणि डंपर घेऊन निघून गेला. त्याचं नावही आपण विचारलं नाही.

ऐनाच्या झाडाखाली तुम्ही बसलात. तिथेच आपलं भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही.

मी म्हटलं, "पाणी उतरलं की परत फिरायचं. पुढं जायचं नाही."

"नाय."

"भाऊजी, तुमच्या दादांना मी काय तोंड दाखवू? ते म्हणाले होते मला, तू त्याला मारणार."

"मेलो नाय ना."

"आता मेला असतात."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "पन आज इथून परत गेलो ना वहिनी, तर उद्या अंगनातून परत जाईन. परवा दारातून. मग तुम्हाला उचलून ठेवायलाच लागेल."

"आणि पुढं आणखी काही झालं तर?"

"होईल. घरी बसून नाय होनार काय?"

मी तुम्हाला स्वार्थी म्हणाले. तुम्ही मला भित्री म्हणालात. मी म्हटलं, हो आहे, कोणीतरी असायला नको? काही वेळाने तुम्ही माझी पिशवी चाचपून काढलीत, भाकरी मोडलीत, जवळ्याची चटणी तिच्यावर ठेवलीत आणि माझ्यासमोर धरलीत. चटणी सांडत होती. मी घेतली. भांडण तिथेच राहिलं. तुमचं बरोबर होतं की माझं, मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता माझ्याशी वाद घालायला तुम्ही नाही आहात.

पुढे गेलो, पण तुमच्या मनासारखं आणि माझ्याही. चढावर चालत, सपाटीला सायकलवर. दरी आवळत गेली. भिऱ्याच्या बाजूला रस्ता एका वळणावर मोकळा होतो आणि समोर, डावीकडे, उजवीकडे, तिन्ही अंगांना डोंगर उभे राहतात. मला ते एका नजरेत दिसलं. तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही सायकल स्टँडला लावलीत आणि डाव्या टोकापासून सुरुवात केलीत. मान हळूहळू फिरवत, तुकड्याला तुकडा जोडत, मध्येच काही निसटलं की परत मागे जात. वर करत, खाली करत. किती वेळ ते मी मोजलं नाही. सावल्या हलल्या होत्या एवढं आठवतं. उजव्या टोकाला पोचलात तेव्हा तुमचे गाल ओले होते, आणि ते पुसायचं तुम्हाला सुचलं नाही.

"झाला पुरा," तुम्ही म्हणालात. "आता हा मिटल्यावर पन राहील."

मी रताळं सोलून तुमच्या हातात दिलं.

परतताना मला एकच दिसत होतं, पूल. पोचलो तेव्हा नदी खरंच उतरली होती. मघाचं पाणी कुठे गेलं असं वाटावं, खाली गोटे उघडे पडले होते, एक बाई त्यांवर गोधडी धूत होती. पण पूल तेवढाच अरुंद होता आणि कडा तेवढ्याच उघड्या.

मी म्हटलं, मी दोन्ही सायकली नेते, मग तुमचा हात धरून नेते. तुम्ही नाही म्हणालात. सायकल उजव्या हाताशी धरलीत, पुलाच्या तोंडाशी मधोमध उभे राहिलात, पायाने डांबर चाचपलंत. आणि डोळे मिटलेत.

"भाऊजी, हे काय करताय?"

"डोळे मिटलं की पूल पळत नाय," तुम्ही म्हणालात. "बघितला मी सकाळीच, झाडाखाली डोळे मिटून. तू फक्त बोलू नको."

तुम्ही चालायला लागलात. एका हातात सायकल, तिचं चाक सरळ, पाऊल टेकून मग वजन टाकायचं, परत टेकायचं. मडगार्ड मध्येच खडखडायचं. मी तुमच्या मागे चार हातांवर होते, हात पुढे काढलेले, न लावलेले. सकाळी मी कॅरियर धरू शकले होते. आता धरायचं नव्हतं, आणि ते सकाळपेक्षाही भयंकर होतं. मध्यावर तुम्ही थोडे डावीकडे गेलात. मी हाक मारणारच होते. तुम्ही थांबलात, पायाने चाचपलंत, खालच्या पाण्याचा आवाज ऐकल्यासारखी मान कलती केलीत, आणि स्वतःच उजवीकडे आलात. गोधडी धुणारी बाई हात थांबवून वर बघत होती.

पलीकडे पोचल्यावर तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे वळलात. मला वाटलं काही बोलाल. तुम्ही मला शोधत होतात, नळीत लाल रंग येईपर्यंत. सापडल्यावर नुसते हसलात.

घरी आपण पुलाचं काही सांगितलं नाही. दादांनी विचारलं, कसं झालं, तुम्ही म्हणालात, चांगला डोंगर हाय. त्यांनी साखळी परत घातली नाही. त्यानंतर तुम्ही घरात डोळे मिटून चालायला लागलात, कोणी बघत नसेल तेव्हा. ओटीवरून विहिरीकडे, विहिरीकडून गोठ्याकडे, भिंतीला बोटं लावत, मग न लावता. मी खिडकीतून बघायचे आणि पदर तोंडात धरायचे. एकदा यांनीही बघितलं. तुमच्या वाटेत बादली होती. हे अनवाणी पायांनी गेले, बादली उचलली, आणि तुम्ही निघून जाईपर्यंत हातात धरून उभे राहिले. तुम्हाला कळलं नसेल. की कळलं होतं?

आता जे सांगायचं राहिलंय ते. त्या संध्याकाळी कोलाडला नरेशची वाट बघत आपण वडापाव खात होतो. पाव हातात घेऊन तुम्ही दाबून बघितलात, कालचा हाय म्हणालात. मग म्हणालात, "वहिनी, दिसायचा पुरा बंद झाला की मना परत आनशील काय इथं?"

"दिसत नसताना कशाला?"

"पान्याचा आवाज हाय. चढ पायांना कळतो. आन तो पूल हाय."

माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या डाव्या पायाशेजारची ती वीतभर जागा आली. मी म्हटलं, "नरेश आला वाटतं," आणि उठून रस्त्याकडे गेले. नरेश आला नव्हता. तुम्ही परत विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी नाही म्हणाली.

मी नाही म्हणाले नव्हते, भाऊजी. मला घाबरायला थोडा वेळ हवा होता. मी तुम्हाला आणलं असतं. यांच्याशी भांडून, घाबरत का होईना, दुपारी पाणी उतरल्यावर त्या पुलाच्या तोंडाशी तुम्हाला उभं केलं असतं, आणि तुम्ही पार जाईपर्यंत मागून चालत आले असते. पण हात धरला नसता.